विश्लेषण : जुना बजेट स्मार्टफोन आज घेणे परवडते का?

ऑनलाइन सेलमध्ये किंवा कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात चार-पाच वर्षांपूर्वीचे फोन आता मूळ किमतीच्या निम्म्यात, कधी त्याहून कमीत मिळतात. स्क्रीन उत्तम, कॅमेरा चांगला, हेडफोनची पिनसुद्धा आहे. दहा हजारांच्या नव्या फोनशेजारी ठेवला तर जुनाच वरचढ वाटतो. मग तो का घेऊ नये? याचे उत्तर फोनच्या रॅम-कॅमेऱ्यात सापडत नाही. फोनचे वय आपण तो विकत घेतला त्या दिवसापासून मोजले जात नाही, तो बाजारात आला त्या दिवसापासून मोजले जाते. हिशेब चुकतो तो इथे.

जुन्या फोनकडे पुन्हा लक्ष का गेले?

पहिले कारण अर्थातच पैसा. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिप महागल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता जास्त नफा देणाऱ्या त्या मालाकडे वळवली. त्याचा फटका फोनला बसला आणि सर्वांत जास्त बसला तो स्वस्त फोनला. पन्नास हजारांच्या फोनमध्ये मेमरीचा वाढीव खर्च कुठेतरी जिरवता येतो, दहा हजारांच्या फोनमध्ये तो थेट किमतीवर येतो किंवा रॅम कमी करून भरून काढला जातो. त्यात मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला, तो तसाच आहे. म्हणजे दहा हजार रुपयांना घेतलेल्या फोनमधले दीड हजार रुपये कराचेच.

दुसरे कारण असे, की स्वस्त फोन गेल्या काही वर्षांत फारसे पुढे सरकलेलेच नाहीत.

म्हणजे जुना फोन खरोखरच चांगला असू शकतो?

असू शकतो. उदाहरण म्हणून रेडमी नोट १० प्रो घेऊ. मार्च २०२१ मध्ये भारतात आलेल्या या फोनची किंमत १५,९९९ रुपयांपासून सुरू होत होती आणि आजही वापरलेल्या फोनच्या बाजारात तो सहज दिसतो. ६.६७ इंची फुल एचडी प्लस ॲमोलेड स्क्रीन, १२० हर्ट्झ रिफ्रेश रेट, ६४ मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा, ५,०२० एमएएच बॅटरी, डब्यातच ३३ वॉटचा चार्जर, दोन स्पीकर, हेडफोन जॅक, मेमरी कार्डाची स्वतंत्र जागा आणि वर टीव्ही-एसी चालवणारा इन्फ्रारेड रिमोट.

आता दहा हजारांच्या आसपासचा नवा फोन पाहा. सॅमसंगचा गॅलेक्सी एम०६ ५जी फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, तेव्हा बँकेचा कॅशबॅक धरून त्याची किंमत ९,४९९ रुपये होती. स्क्रीन एलसीडी आणि तीही एचडी प्लस, म्हणजे अक्षरे व फोटो तुलनेने कमी रेखीव. सुरुवातीच्या प्रकारात रॅम ४ जीबी. चार्जर वेगळा घ्यायचा.

प्रोसेसरची गंमत तर आणखी बोलकी आहे. नोट १० प्रोमधला स्नॅपड्रॅगन ७३२जी हा २०२० चा, तर एम०६ मधला डायमेन्सिटी ६३०० हा २०२४ चा. पण दोन्हींच्या पोटात कोअरची मांडणी जवळपास एकच आहे : दोन वेगवान कोअर एआरएमच्या कॉर्टेक्स-ए७६ वर्गातले आणि सहा काटकसरी कोअर ए५५ वर्गातले. ए७६ ची रचना एआरएमने २०१८ मध्ये जाहीर केली होती. नव्या चिपमध्ये ५जी मोडेम आहे, ती अधिक बारीक तंत्रावर बनते, घड्याळ किंचित जलद आहे. पण रोजच्या वापरात ‘चार वर्षांची प्रगती’ जाणवावी असे त्यात फारसे नाही. तेव्हा जुना फोन हातात घेतल्यावर तो नव्यापेक्षा छान वाटला, तर तो भास नव्हे.

मग अडते कुठे?

अडते सॉफ्टवेअरच्या आयुष्यावर. नोट १० प्रो अँड्रॉइड ११ घेऊन आला आणि अँड्रॉइड १३ वर थांबला. सुरक्षा अपडेटची त्याची शिदोरीही संपलेली आहे. फोन चालतो, पण त्याच्या मागे आता कोणी उभे नाही.

अँड्रॉइडमध्ये सुरक्षेतल्या त्रुटी सापडतच राहतात. २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ ही त्रुटी उघड झाली. खास पद्धतीने बनवलेला एक मल्टिमीडिया संदेश आला तरी फोनचा ताबा जाऊ शकतो, असे तिचे स्वरूप होते. त्यानंतर गुगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करण्याची पद्धत सुरू केली. मात्र गुगल दुरुस्ती जाहीर करते, ती तुमच्या फोनपर्यंत आणण्याचे काम फोन बनवणाऱ्या कंपनीचे. कंपनीने मुदत संपली म्हणून हात झटकले, की तो मार्ग बंद. शिवाय खुद्द गुगलही जुन्या आवृत्त्यांसाठी कायम दुरुस्त्या देत नाही. अँड्रॉइड १२ साठीच्या दुरुस्त्या २०२५ मध्ये थांबल्या.

अपडेट थांबले, की दुसऱ्याच दिवशी फोन धोकादायक होतो का?

नाही. इथे घाबरवणारे बरेच लिहिले जाते आणि त्यातला काही भाग नवे फोन विकण्यासाठी असतो. प्रत्यक्षात फोनमधल्या सुरक्षेचे तीन थर मानता येतील. पहिला ॲपचा. क्रोम, व्हॉट्सॲप, बँकेचे ॲप हे सगळे प्ले स्टोअरवरून अद्ययावत होत राहतात, फोन कितीही जुना असो, त्या ॲपने त्याला आधार द्यायचे थांबवेपर्यंत. दुसरा थर गुगलच्या हातातला. अँड्रॉइड १० पासून यंत्रणेचे काही भाग गुगल थेट प्ले स्टोअरच्या मार्गाने दुरुस्त करू शकते. प्ले प्रोटेक्ट हे ॲप तपासणारे यंत्रही त्याच मार्गाने ताजे राहते. तिसरा थर चिप, मोडेम, ग्राफिक्स, कर्नेल यांचा. हा फक्त फोन कंपनीच्या अपडेटमधूनच दुरुस्त होतो. भाडेकरूला दाराचे कुलूप बदलता येते, भिंतीतली भेग मात्र घरमालकानेच बुजवावी लागते, तसे हे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्वालकॉमने आपल्या अनेक चिपसेटमधली अशीच एक त्रुटी जाहीर केली होती आणि हल्लेखोर तिचा मर्यादित प्रमाणात वापर करत असल्याची चिन्हे तेव्हा दिसली होती. कंपनीचे अपडेट ज्यांना मिळत होते, त्यांना दुरुस्ती मिळू शकली. बाकीचे फोन होते तसेच राहिले.

असे हल्ले बहुधा निवडक व्यक्तींवर होतात, हेही खरे. आपल्याकडे सामान्य माणसाचे पैसे जातात ते वेगळ्या वाटेने. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘वाहतूक चलान’ अशा नावाची एपीके फाइल येते, माणूस ती उघडतो, ॲप बसते, एसएमएस वाचण्याची परवानगी घेते आणि ओटीपी पळवते. असे ॲप नव्या फोनवरही बसू शकते. फरक इतकाच, की अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपला सूचना वाचण्याची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहज मिळत नाही, मध्ये अडसर येतो. २०२४ च्या अखेरीस गुगलने भारतात प्ले प्रोटेक्टमधूनही अशा ॲपना रोखायला सुरुवात केली. म्हणजे अँड्रॉइड ९ किंवा १० वरचा फोन आणि अँड्रॉइड १३ वरचा फोन हे दोन्ही ‘जुने’ असले, तरी एका तोलाचे नाहीत. जुना घ्यायचाच तर निदान अँड्रॉइड १३ पर्यंत पोहोचलेला घ्यावा, ही रेघ मला रास्त वाटते.

आणखी एक बाब. ॲप ज्या फोनवर चालते आहे तो विश्वासू आहे का, हे तपासण्याची सोय गुगल ॲप कंपन्यांना देते. मे २०२५ पासून या तपासणीतली सर्वांत कडक पातळी पार करायची, तर अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढच्या फोनवर गेल्या वर्षभरातले सुरक्षा अपडेट असावे लागते. ही पातळी वापरायची की नाही, हे प्रत्येक बँक किंवा ॲप ठरवते. पण वाऱ्याची दिशा कळते. ‘माझ्या फोनवर तर सगळे चालते’ हे आजचे वाक्य आहे. बँकेने उद्या कसोटी कडक केली, तर फोन तोच राहील आणि ॲप उघडणार नाही.

व्हॉट्सॲप चालते म्हणजे फोन ठीक, असेही अनेक जण मानतात. व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ वरचा आधार काढला तो १ जानेवारी २०२५ रोजी. ती आवृत्ती २०१३ ची. दशकभर जुन्या यंत्रणेवरही व्हॉट्सॲप चालू होते, यावरून त्या फोनच्या सुरक्षेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

नवा म्हणून घेतलेला फोनही जुना असू शकतो का?

हो, आणि ही फसगत जास्त होते. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतात रेडमी नोट ११ एसई आला. नाव ११ चे, पण आतला फोन म्हणजे आदल्या वर्षीचा नोट १० एस. तोच हीलिओ जी९५ प्रोसेसर आणि सोबत अँड्रॉइड ११, जेव्हा अँड्रॉइड १२ केव्हाच बाजारात होता. यात बेकायदा काही नाही आणि असे करणारी ही एकच कंपनी नाही. पण नव्या आकड्याकडे पाहून घेणाऱ्याने नव्या फोनचे पैसे मोजले आणि वर्षभर झिजलेले आयुष्य घेतले.

सेलमध्ये ‘सीलबंद’ मिळणाऱ्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचेही तेच. डबा कोरा असतो, अपडेटचे घड्याळ मात्र गोदामातही चालू असते. म्हणून ऑनलाइन फोन पाहताना किंमत व रॅमच्या आधी दोन गोष्टी शोधाव्यात : हे मॉडेल भारतात कोणत्या महिन्यात आले आणि कंपनीने किती वर्षे सुरक्षा अपडेट द्यायचे कबूल केले आहे. कंपनीने त्याविषयी एक अक्षरही लिहिले नसेल, तर तेही उत्तरच समजावे. फोन हातात असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून सुरक्षा पॅचची तारीख पाहावी. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा ती तारीख जास्त खरे बोलते.

हिशेब मांडायचा कसा?

किंमत भागिले सुरक्षा अपडेटचे उरलेले महिने. बस, एवढेच.

गॅलेक्सी एम०६ ५जीला कंपनीने चार वर्षे सुरक्षा अपडेटचे आश्वासन दिले आहे. तो आला त्या दिवशी ९,४९९ रुपयांना घेतलेला फोन ४८ महिन्यांत विभागला, तर महिन्याला साधारण १९८ रुपये पडतात. गॅलेक्सी ए१६ ५जी ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ रुपयांना आला. त्याला सहा अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षे सुरक्षा अपडेट कबूल आहेत. म्हणजे ७२ महिने, महिन्याला सुमारे २६४ रुपये. दुप्पट किमतीचा फोन महिन्याच्या हिशेबात दुप्पट महाग राहत नाही आणि या भावात ॲमोलेड स्क्रीनही मिळते.

आता मुदत संपलेला फोन. समजा तो ६,००० रुपयांना मिळतो. उरलेले महिने शून्य आणि शून्याने भागता येत नाही. व्यवहारातही हे असेच आहे : त्या फोनची किंमत कितीही कमी केली, तरी उरलेले आयुष्य वाढत नाही.

पण याच हिशेबातून जुन्याची एक चांगली बाजूही निघते. वर सांगितलेला ए१६ ५जी कोणी वापरून विकायला काढला आणि समजा २०२६ च्या मध्यात तो १०,००० रुपयांना मिळाला, तर सुरक्षेचे पन्नासएक महिने अजून शिल्लक आहेत. महिन्याला २०० रुपये. नव्या स्वस्त फोनच्या दरात वरच्या पायरीचा फोन. जुना घ्यायचा तर असा घ्यावा : वयाने लहान आणि अपडेटच्या शिदोरीने भरलेला. २०२१-२२ च्या बजेट फोनना हे भाग्य क्वचितच होते, कारण तेव्हा या किमतीत दोन आवृत्त्या आणि तीन-चार वर्षे हीच मोठी गोष्ट मानली जाई.

कंपन्यांचे हे मन वळण्यामागे युरोपही आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात लागू झालेल्या नियमांनुसार, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध ठेवावी लागतात आणि सुटे भाग सात वर्षे. भारतात असे बंधन नाही. ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने फोन व इतर उपकरणांसाठी ‘दुरुस्ती निर्देशांक’ असावा, असा अहवाल मे २०२५ मध्ये दिला. दुरुस्त करायला फोन किती सोपा, हे डब्यावरच कळावे अशी ती कल्पना आहे.

बॅटरी आणि स्टोअरेजचे काय?

लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते, असा जुना ठोकताळा आहे. आज ५० टक्के वापरले, उद्या ५० टक्के वापरले, की एक चक्र. रोज पूर्ण वापर असेल तर ही मजल दीड वर्षात गाठली जाते. त्यामुळे तीन वर्षे वापरलेल्या फोनच्या किमतीत नव्या बॅटरीचा खर्च आधीच मिळवून ठेवावा. कोऱ्या डब्यातली जुनी बॅटरीही निर्धास्त नसते. न वापरता पडून राहिली तरी तिची रासायनिक झीज होते आणि पूर्ण उतरून पडली असेल तर जास्तच. मागचे झाकण किंचित वर आलेले किंवा स्क्रीनच्या कडेला फट दिसली, तर बॅटरी फुगल्याची शक्यता असते. असा फोन फुकट मिळाला तरी खिशात ठेवू नये.

बॅटरी बदलताना अधिकृत सेवा केंद्र परवडत नसेल, तर निदान बॅटरीवर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे. भारतात अशा बॅटरींना ही नोंदणी सक्तीची आहे. रस्त्यावरच्या अनेक ‘ओरिजिनल’ बॅटरींवर ती नसते.

फोन मंद होण्याचे खापर बहुतेकदा प्रोसेसरवर फुटते, पण अनेक बजेट फोनमध्ये खरा दोषी स्टोअरेज असतो. ईएमएमसी प्रकारचे स्टोअरेज मुळातच हळू. त्यात सुप्रभातच्या फुलांनी आणि कुटुंबाच्या गटावरच्या व्हिडीओंनी ६४ जीबी भरले, की टाइप केलेले अक्षर उमटायलाही वेळ लागतो. यूएफएस स्टोअरेज आणि ६ जीबी रॅम असलेला जुना फोन, ईएमएमसी व ४ जीबी रॅमच्या नव्या फोनपेक्षा जास्त काळ सुसह्य राहतो. जाहिरातीतल्या ‘८ जीबीपर्यंत रॅम’ला भुलू नये. त्यातली निम्मी बहुधा आभासी असते, म्हणजे त्याच हळू स्टोअरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरलेला.

फक्त ४जी असलेला फोन चालेल?

चालेल. भारतात ५जी सुरू झाले १ ऑक्टोबर २०२२ ला, पण ४जी कुठेही जात नाही. तोटा खिशाला आहे. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेल दोघेही ‘अमर्याद ५जी’ देतात ते साधारणपणे रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवर. तोच रिचार्ज ४जी फोनमध्ये केला, तर दिवसाचा डेटा संपला की वेग गळतो. घरात वायफाय असेल तर याने फरक पडत नाही.

२०२०-२१ मधल्या सुरुवातीच्या ५जी फोनबाबत मात्र सावध असावे. त्यातल्या काहींत एन७८ हा एकच ५जी बँड आहे. जिओचे ५जी स्वतंत्र जाळ्यावर चालते आणि ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एन२८ बँडही वापरते. भिंतींच्या आत आणि गावांच्या कडेला तोच जास्त कामी येतो. डब्यावर ५जी लिहिले आहे म्हणून जास्त पैसे मोजण्यापूर्वी बँडची यादी पाहावी.

मुदत संपलेला फोन कोणाला चालेल आणि कोणाला नाही?

एरवी आपल्याकडे उलटेच घडते. घरातल्या कर्त्या माणसाने नवा फोन घेतला, की जुना गावाकडे आई-वडिलांना जातो. त्याच फोनवर पेन्शनच्या खात्याचा ओटीपी येतो, आधारचा ओटीपी येतो, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसीही त्यावरूनच होते. एपीकेच्या सापळ्यात अडकण्याची शक्यता ज्यांची जास्त, त्यांच्याच हातात सर्वांत जुनी यंत्रणा आणि आयुष्यभराची बचत असलेले खाते. घरात दोन फोन असतील आणि एकच नवा घेता येणार असेल, तर तो पैशांचे व्यवहार ज्याला कमी समजतात त्याच्याकडे असावा, असे मला वाटते. भारी कॅमेऱ्याचा जुना फोन तरुण मुलाकडे राहिला तरी चालेल. घरात हे पटवणे सोपे नाही, हे मान्य.

नवा घेणे शक्यच नसेल, तर जुन्या फोनवरचा धोका लहान करता येतो. यूपीआयला मुख्य बचत खाते न जोडता दुसरे खाते जोडावे आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवावेत. छोट्या खर्चासाठी यूपीआय लाइट पुरते. त्यात एका वेळी पाच हजारांपेक्षा जास्त रक्कम राहत नाही आणि एक व्यवहार हजारापर्यंतच होतो. ज्येष्ठांना स्मार्टफोन फक्त पैसे पाठवण्यासाठीच हवा असेल, तर बटणांच्या साध्या फोनवर चालणारी ‘यूपीआय १२३पे’ ही सोय मार्च २०२२ पासून आहे. तिच्यावर एपीके बसतच नाही.

ज्या फोनवर पैसा, आधार आणि मुख्य ईमेल नाही, तिथे मुदत संपलेला फोनही उत्तम नोकरी करतो. मुलांच्या अभ्यासाचे व्हिडीओ, गाडीत नकाशा, दुकानात सीसीटीव्ही पाहणे, हॉटस्पॉट, टीव्हीचा रिमोट. नोट १० प्रोसारखा फोन या कामांना अजून काही वर्षे पुरेल आणि दहा हजारांच्या नव्या फोनपेक्षा डोळ्यांना सुखद वाटेल. त्यासाठी चार-पाच हजार मोजणे चूक नाही.

वापरलेला फोन घेताना काय तपासावे?

सर्वांत आधी फोन चोरीचा नाही ना. *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला किंवा केंद्र सरकारच्या संचार साथी ॲपवर क्रमांक टाकला, की उत्तर येते. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ असे आले, तर व्यवहार तिथेच सोडावा. चोरीचे फोन देशभर बंद पाडणाऱ्या ज्या यंत्रणेवर हे चालते, तिची सुरुवात २०१९ मध्ये मुंबईतूनच झाली; २०२३ मध्ये ती देशभर आली.

दुसरे, कुलपे. विक्रेत्याने स्वतःचे गुगल खाते काढून, सेटिंग्जमधूनच फोन तुमच्यासमोर रिसेट करायला हवा आणि तो तुमच्या खात्याने सुरू झालेला तुम्ही पाहायला हवा. बटणे दाबून केलेल्या रिसेटनंतर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागू शकतो. हप्त्यावर घेतलेल्या फोनचे दुखणे आणखी वेगळे. कर्ज देणाऱ्या कंपनीचे लॉक त्यात असते आणि हप्ते थकले की दुरून फोन बंद करता येतो. ‘कर्ज फिटले’ याचे पत्र मागायला संकोच करू नये.

तिसरे, स्क्रीन. फुटलेल्या ॲमोलेडच्या जागी स्वस्त एलसीडी बसवलेले फोन बाजारात पुष्कळ आहेत. अंधाऱ्या कोपऱ्यात पूर्ण काळे चित्र उघडावे. ॲमोलेड असेल तर स्क्रीन बंद असल्यासारखी दिसते, एलसीडी असेल तर राखाडी उजेड झिरपतो. मग प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खाली जाऊन प्ले प्रोटेक्टपुढे फोन प्रमाणित आहे असे लिहिले आहे का, ते पाहावे. नसेल तर आतली यंत्रणा कोणीतरी बदललेली असू शकते आणि बँकेची ॲप त्यावर अडण्याची शक्यता मोठी.

रिफर्बिश्ड फोन विकणाऱ्या संकेतस्थळांवर काही महिन्यांची वॉरंटी आणि परत करण्याची मुदत मिळते. ओळखीच्या माणसाकडून घेतला तर दोन-तीन हजार वाचतात, पण वॉरंटी म्हणजे त्याचा शब्द. कोणाकडूनही घ्या, आयएमईआय क्रमांक लिहिलेले बिल किंवा साध्या कागदावर विक्रेत्याच्या सहीची पावती घ्यावी आणि तिचा फोटो दुसऱ्या फोनवर ठेवावा. चोरीच्या फोनचा माग काढताना पोलीस पोहोचतात ते सध्या सिमकार्ड टाकून तो वापरणाऱ्याकडे, आणि त्या वेळी दाखवायला तो कागद हाताशी लागतो.